माझी सायकल सरकारच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

गेली दोन वर्षं मी पवईत बॅटरीवर चालणारी सायकल वापरतोय. माझा डावा पाय पोलिओने गेलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या लेखी माझी सायकल वाहन नाही, कारण ती हळू चालते. अपंगांच्या योजनांच्या लेखी ती साधन नाही, कारण तिला दोनच चाकं आहेत. आणि रस्त्यावरच्या लोकांच्या लेखी मीच अपंग नाही, कारण मी सायकल चालवतो!

या तिन्ही गोष्टींवर लिहायचंय. माझ्या एकट्याचं रडगाणं म्हणून नाही. राज्यात माझ्यासारखे, म्हणजे थोडं चालू शकणारे पण लांब न जाऊ शकणारे, लाखो लोक आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. त्यातले सगळे व्हीलचेअरवर नाहीत. बरेचसे असे मधल्यामध्ये लटकलेले आहेत.

आधी ओळख. मी मूळचा करमाळ्याचा. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि तालुक्याच्या ठिकाणी वीस वर्षं बातमीदारी केली. बायकोची नोकरी इकडे लागली म्हणून तीन वर्षांपूर्वी पवईला आलो. आयआयटी मार्केटच्या बाजूला चाळीत राहतो. अजूनही निम्मं काम गावाकडचंच करतो, बाकी इथे जे मिळेल ते.

दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. डाव्या मांडीत बळ नाही. चालताना डाव्या हाताने गुडघा दाबून पाऊल टाकावं लागतं. पोलिओवाला माणूस या चालीवरून लांबूनही ओळखू येतो. प्रमाणपत्रावर ५५ टक्के लिहिलंय. उरलेल्या टक्क्यांवर शाळा, कॉलेज, लग्न, नोकरी, दुष्काळाच्या बातम्या, निवडणुकांचे दौरे सगळं झालं.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. फार मोठी गोष्ट आहे ती, मला त्याचा अभिमान आहे. पण पोलिओ गेला म्हणून पोलिओवाले गेले नाहीत. पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ साली. त्याच्या आधी ज्यांना झाला ते आम्ही आज तिशी-चाळिशी-पन्नाशीत आहोत, आणि आता आमच्यापुढे नवीनच भानगड उभी राहतेय.

ती भानगड अशी. पोलिओमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरतात. ज्या वाचतात त्या मेलेल्यांचं काम अंगावर घेतात. एकेक पेशी चार-चार जणींचं काम करते. तीस-चाळीस वर्षं असं ओव्हरटाइम केल्यावर त्या थकायला लागतात. मग चाळिशीनंतर अचानक नवीन अशक्तपणा येतो, सांधे दुखतात, संध्याकाळपर्यंत अंगातलं सगळं संपल्यासारखं होतं. डॉक्टर याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. यावर गोळी नाही. सल्ला एवढाच, की स्नायू वापरा पण दमेपर्यंत वापरू नका. शक्ती पुरवून पुरवून खर्च करा.

आता हा सल्ला मुंबईत पाळून दाखवा.

आमच्या घरापासून कांजूरमार्ग स्टेशन दोन-अडीच किलोमीटर. धडधाकट माणसाला अर्ध्या तासाचं चालणं. मला तेवढं चाललं की दिवस संपला. बसची पायरी उंच. गर्दीत कुणी हात देतं, कुणी ढकलतं. रिक्षावाल्याला जवळचं भाडं नको असतं. आणि मिळाली तरी किमान भाडं २६ रुपये, जाऊन-येऊन रोजचे सत्तर-ऐंशी. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. त्यामुळे व्हायचं काय, की मी जाणंच टाळायचो. एखाद्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं की आधी विषय काय ते न बघता पायऱ्या किती आणि परत कसं यायचं ते बघायचं. पत्रकाराने बाहेर पडायचं सोडलं की मागे उरतो तो नुसता फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर मत देणारा माणूस.

म्हणून ई-सायकल घेतली. तीस हजारांच्या आसपास गेले, हप्त्यावर.

ती माझ्यासाठी कशी चालते ते सांगतो, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. मधला दांडा नसलेली, लेडीज सायकलसारखी फ्रेम आहे. पाय वरून टाकावा लागत नाही. सीट इतकी खाली घेतलीय की थांबल्यावर उजवा पाय पूर्ण टेकतो. डावा पाय पॅडलला पट्ट्याने हलका बांधलेला, ओढला की सुटेल असा. उजवा पाय दाबतो तेव्हा अर्धी फेरी होते. उरलेल्या अर्ध्या फेरीत डाव्या पायाने जे बळ घालायला हवं, ते मागच्या चाकातली मोटार घालते. डावा पाय नुसता फिरत राहतो. सिग्नलवरून निघताना पहिला धक्का देणं मला जमत नाही, त्यासाठी अंगठ्याखाली छोटा थ्रॉटल आहे. ब्रेक दाबला की मोटार आपोआप बंद होते.

दुकानात एक महागडी सायकल दाखवत होते. तिच्यात पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो. तुम्ही जितका जोर लावाल त्या प्रमाणात मोटार मदत करते. चांगल्या पायाच्या माणसाला फार छान. माझ्यासारख्याला मात्र उजव्या पायाला मदत मिळते आणि डाव्याची पाळी आली की मदत गळते. स्वस्त सायकलमध्ये नुसतं पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघणारा सेन्सर असतो. पॅडल फिरलं की मोटार चालू, जोर कितीही असो. मला तीच बरी. हे मला दुकानदाराने सांगितलं नाही, दोन्ही चालवून बघितल्यावर कळलं. अपंग गिऱ्हाईक येईल असं दुकानदाराच्या मनातच नसतं.

बॅटरी ३६ व्होल्टची, साडेसात अँपिअर-अवरची. पूर्ण चार्जिंगला साधारण पाव युनिट वीज लागते. म्हणजे दोन-तीन रुपयांत माझे दोन दिवस निघतात. हिरानंदानीतला चढ मी बोलत बोलत चढतो. आणि घरी आल्यावर पोरीचा अभ्यास घेण्याइतकी शक्ती शिल्लक असते. माझ्या दृष्टीने सगळा फायदा या शेवटच्या वाक्यात आला.

पॅडल मारायची आणि मोटारही असलेली गाडी ही काही परदेशातून आलेली अजब वस्तू नाही. आपल्या पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली लुना आणली तिला पॅडल होतीच की. आमच्याकडे पोस्टमन, दूधवाले, झेडपीचे गुरुजी सगळे लुनावर. गावातल्या एका गुरुजींचा पाय अधू होता, त्यांनी मिस्त्रीकडून लुनाला दोन्ही बाजूंनी छोटी चाकं जोडून घेतली होती. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही लुना चालवता म्हणजे तुमचा पाय बरा झाला का. बॅटरीची सायकल म्हणाल तर जपानमध्ये यामाहाने १९९३ सालीच बाजारात आणली.

आता कायद्याकडे येऊ.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. यात बॅटरीवर चालणाऱ्या हलक्या दुचाकीची व्याख्या आहे. मोटारची ताकद पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. असं असेल तर ते 'मोटार वाहन' मानलं जात नाही. लायसन्स नको, आरटीओ पासिंग नको. हा नियम उत्तम आहे. माझ्यासारख्याला आरटीओच्या फेऱ्या वाचल्या.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचं कलम ४१ वाचा. सरकारने अपंगांच्या वैयक्तिक हालचालीसाठी परवडणाऱ्या दरात योजना कराव्यात, सवलती द्याव्यात, वाहनांत बदल करून घेण्यासाठी मदत करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. रस्ते अपंगांना वापरता येतील असे करावेत, हेही त्याच कलमात आहे.

म्हणजे एक कायदा म्हणतो, ही गाडी बिनधास्त चालवा. दुसरा म्हणतो, अपंगाला फिरण्यासाठी मदत करा. दोन्ही एकमेकांना कधी भेटलेलेच नाहीत!

कारण प्रत्यक्ष योजना कशा आहेत बघा. केंद्राच्या एडिप योजनेत कुबड्या, कॅलिपर, व्हीलचेअर, हाताने चालवायची तीनचाकी मिळते. मोटार लावलेली तीनचाकी आहे, पण ती अतितीव्र अपंगत्वासाठी. शिबिरांत ८० टक्क्यांचा दाखला मागतात. ज्यांचे दोन्ही पाय गेलेत त्यांना ती आधी मिळालीच पाहिजे, त्यावर माझा एक शब्दाचाही आक्षेप नाही. दुसरीकडे ज्याच्याकडे पैसे आहेत तो स्कूटरला बाजूची चाकं जोडून घेतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा बदल केलेल्या वाहनाची व्याख्याही आली. पण ती स्कूटर चाळीच्या बोळात शिरत नाही, शिरली तर शेजाऱ्यांची वाट अडते.

मग ४० ते ८० टक्क्यांमधल्या माणसाने काय करायचं? सरकारी उत्तर असं, की कॅलिपर घाला, काठी घ्या आणि चाला. म्हणजे डॉक्टर सांगतात दमू नका, आणि योजना सांगते दमा. अजून दहा वर्षं असा दमलो की माझे टक्के वाढतील, ८० होतील, आणि मग मला मोटारची तीनचाकी मिळेल. पाय जायच्या आधी मदत केली तर ती स्वस्तात पडेल, एवढा साधा हिशेब कुणी करत नाही.

पैसा नाही असंही नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्यात नियम आहे. मी तालुक्यात वीस वर्षं हा निधी कसा खर्च होतो ते बघितलंय. फेब्रुवारी उजाडला की धावपळ. मार्चएंडच्या आधी काहीतरी वाटायचं, फोटो काढायचा. गावोगावी न वापरलेल्या तीनचाक्या गंजत पडलेल्या मी पाहिल्यात, कारण ज्याला दिली त्याला तिची गरजच नव्हती, त्याला दुसरं काहीतरी हवं होतं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. या विभागाने एवढं तरी करावं, की माणसाला काय हवंय ते आधी त्याला विचारावं.

आता पवईकडे. सायकल म्हटलं की पवईकरांना तलावाचा ट्रॅक आठवतो.

महापालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकल आणि चालण्याचा ट्रॅक काढला होता, साधारण दहा किलोमीटरची योजना. पर्यावरणवाले कोर्टात गेले. ६ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने पाणथळ जागांच्या नियमांवर बोट ठेवून ते काम बेकायदा ठरवलं आणि बांधलेलं काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. निकाल योग्यच होता. १८९१ च्या सुमारास बांधलेला तलाव, त्यात मगरी, काठावर पक्षी. तिथे भराव घालून सायकली फिरवायची गरज नव्हती.

पण त्या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती: सायकल म्हणजे रविवारची हौस. सकाळी हेल्मेट-बिल्मेट घालून, तलावाला चक्कर मारून, नाश्ता करून घरी. ट्रॅकवाल्यांना तलावाचा देखावा हवा होता, विरोधकांना तलाव वाचवायचा होता. कांजूरमार्ग स्टेशनवरून पवईत रोज कामाला येणारा सिक्युरिटी गार्ड, घरकाम करणाऱ्या बाया, डिलिव्हरीची पोरं, आणि माझ्यासारखा एका पायाचा माणूस, यांना सायकल कुठून कुठे न्यायची असते, हे कुणीच विचारलं नाही. ट्रॅक रद्द झाला आणि पवईतला सायकलचा विषयच संपला!

बीकेसीतही तेच झालं. २०११ च्या सुमारास तिथे १३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक केला. त्यावर गाड्या उभ्या राहायला लागल्या. आणि २०२५ मध्ये तो काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. वापरत कोण नाही म्हणून काढला म्हणे. गाड्या उभ्या असताना वापरणार कसा?

आता त्या प्रश्नाकडे येतो जो मला सगळ्यात जास्त लागतो. "सायकल चालवता येते, मग अपंग कसले?"

चहाच्या टपरीवर विचारतात, ट्रेनच्या अपंगांच्या डब्यात विचारतात. एकदा एका कार्यालयात साहेबांनी माझं प्रमाणपत्र उजेडाकडे धरून बघितलं. नोट खरी का खोटी बघतात तसं. २०२४ मध्ये राज्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून जो गदारोळ झाला, त्यानंतर हे फार वाढलंय. बोगस दाखले आहेत, ते मीही लिहिलंय, आणि त्यांना शिक्षा झालीच पाहिजे, कारण ते आमच्याच ताटातलं खातात. पण त्यासाठी प्रत्येक अपंगाने चोवीस तास दीनवाणं दिसायचं का?

यातला खरा त्रास वेगळाच आहे. मला ओळखीचे किमान चार-पाच जण माहीत आहेत जे ई-सायकल घेऊ शकतात, चालवू शकतात, पण घेत नाहीत. कारण भीती. कुणी फोटो काढला, कुणी तक्रार केली, "बघा हा सायकल चालवतो", तर दाखला जाईल, पास जाईल, नोकरीतली सवलत जाईल. चष्मा लावून पेपर वाचणाऱ्याला आपण म्हणत नाही की तुझे डोळे बरे झाले. मग मोटारच्या मदतीने अर्धं पॅडल मारणाऱ्याला का म्हणतो? लंडनमध्ये 'व्हील्स फॉर वेलबीइंग' नावाची अपंग सायकलस्वारांची संस्था हीच मागणी करतेय, की आमची सायकल ही आमची काठी समजा. नेदरलँड्समध्ये अपंगांच्या छोट्या गाड्यांना सायकलच्या मार्गावरून जायला कायद्याने परवानगी आहे. तिथल्या सायकल मार्गाची किंमत म्हातारी आणि अधू माणसं वसूल करतात.

आता विरोधकांचंही ऐकू, कारण त्यांच्यातही तथ्य आहे.

पहिला आक्षेप, ई-बाइकवाले बेफाम चालवतात. खरं आहे. २५० वॅटच्या नावाखाली जास्त ताकदीच्या मोटारी बसवून, वेगाची मर्यादा काढून गाड्या विकल्या जातात. २०२२ मध्ये परिवहन खात्याने अशा गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. ती वर्षभर चालली पाहिजे. वेग वाढवलेली गाडी सगळ्यात आधी माझ्यासारख्याच्या जिवावर उठते, कारण मला पटकन बाजूला होता येत नाही.

दुसरा, बॅटरीला आग लागते. सोसायटीवाले घाबरतात, त्यांना मी दोष देत नाही. पण त्यावर उपाय आहेत. कंपनीचाच चार्जर वापरायचा, रात्रभर लावून झोपायचं नाही, जिन्याखाली किंवा दारात चार्ज करायचं नाही. खाली मोकळ्या जागेत एक सॉकेट आणि एक मीटर दिला की प्रश्न मिटतो. सरसकट 'ई-सायकल आत आणू नये' अशी पाटी लावणं सोपं असतं, पण मग २२ किलोची सायकल मी खांद्यावर घेऊन कुठे जाऊ?

तिसरा, अपंगाने मुंबईच्या रस्त्यावर दुचाकी चालवणं धोक्याचं. हो, आहे. ज्यांना फिट येते, तोल जातो, नजर कमी आहे त्यांनी घेऊ नये. हाजी अलीला किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवून, मैदानात महिनाभर सराव करून मगच रस्त्यावर यावं. मी तसंच केलं. पावसात खड्डा पाण्याखाली गेला की मी सायकल काढत नाही. पण धोका आहे म्हणून घरी बसा, हा सल्ला आम्हाला जन्मापासून मिळतोय. धोका रस्त्यात आहे, रस्ता सुधारा.

आणि आपल्याकडे हे होऊ शकतं. आयआयटी मद्रासच्या लोकांनी व्हीलचेअरला पुढून जोडायची मोटार, 'निओबोल्ट', २०२१ मध्ये बाजारात आणली. ताशी २५ किलोमीटर वेग. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये ई-सायकलला अनुदान जाहीर केलं, पहिल्या दहा हजार सायकलींना प्रत्येकी साडेपाच हजार रुपये. ते अपंगांसाठी म्हणून नव्हतं, पण ई-सायकल ही मदत करण्यासारखी वस्तू आहे हे एका सरकारने मान्य केलं. आपल्या सरकारने एप्रिल २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीला मंजुरी दिली. म्हणजे बॅटरीच्या दुचाकीचं वावडं नाही. आणि आमच्या दाराशी आयआयटी मुंबई आहे. यंत्रं बनवणारे, डिझाइन शिकवणारे विभाग आहेत. त्यांच्या पोरांना एक प्रोजेक्ट मी फुकट देतो: पायाचा जोर कमी पडेल तिथे जास्त मदत करणारा सेन्सर बनवा. सध्याचा बरोबर उलटा चालतो.

माझ्या मागण्या चारच आहेत.

एक. पॅडलची ई-सायकल, दोनचाकी किंवा तीनचाकी, अपंगांच्या सहाय्यक साधनांच्या यादीत घाला. ४० टक्क्यांपासून पुढे, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या शिफारशीवर. पाच टक्के निधीतून अर्धी रक्कम दिली तरी पुष्कळ.

दोन. दिव्यांग विभागाने एक साधं परिपत्रक काढावं, की एखादी व्यक्ती सहाय्यक साधन किंवा वाहन वापरते हा तिच्या अपंगत्वाविरुद्धचा पुरावा धरू नये.

तीन. कांजूरमार्ग स्टेशनबाहेर जमिनीवर, पायऱ्या न चढता लावता येतील अशा दहा सायकलींची जागा आणि एक चार्जिंग पॉइंट. दहाच. शंभर मागत नाही.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मेट्रो ६ चं काम चालू आहे. आज ना उद्या बॅरिकेड निघतील आणि रस्ता नव्याने आखला जाईल. ज्या दिवशी रस्त्यावर पांढरे पट्टे मारले जातील, त्याच दिवशी ठरेल की पुढची तीस वर्षं हा रस्ता कुणाचा. स्टेशन ते आयआयटी ते हिरानंदानी एवढ्या पट्ट्यात गाड्यांपासून वेगळी केलेली एक चिंचोळी वाट ठेवा. तलावाच्या काठाला हात लावायची गरज नाही. रस्त्याचं एकदा काम झालं की नंतर कोणी उखडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

पत्र लिहून काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. २०२३ मध्ये फुटपाथच्या तोंडाशी लावलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर जात नाही, असं व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने उच्च न्यायालयाला ईमेल करून कळवलं. न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. एका ईमेलवर!

तर मित्रांनो, मी एस वॉर्डाच्या ऑफिसला, भांडुपला, या चार मागण्यांचं पत्र देणार आहे. एक प्रत दिव्यांग विभागाला आणि एक मेट्रोवाल्यांना. पवई, कांजूर, चांदिवलीतले जे अपंग, वयस्कर, गुडघेदुखीवाले, किंवा ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांच्या सह्या हव्यात. सायकल चालवत असाल तर उत्तमच, चालवायची इच्छा असून भीतीने थांबला असाल तर जास्तच. इनबॉक्समध्ये नाव आणि राहण्याची जागा एवढंच कळवा. पायऱ्या नसतील तर सही घ्यायला मी स्वतः येतो.